रोज साठ कोटी लिटर, कायमचे

खडी ही आपल्या इतकी रोजच्या पाहण्यातली वस्तू आहे, की तिच्याविषयी काही विचार करावा असं कुणाच्या मनात सहसा येत नाही. रस्ता, धरण, शाळेची इमारत, विजेच्या खांबाचा पाया, सगळीकडे ती लागते. काँक्रीटच्या घनफळात निम्म्याहून जास्त भाग खडी आणि वाळूचाच असतो. सिमेंट त्यांना फक्त धरून ठेवतं. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात खडी, वाळू आणि दगड मिळून वर्षाला १५ कोटी टनांहून अधिक माल लागत आला आहे. लोकसंख्येनं भागलं तर माणशी अकरा-बारा टन, म्हणजे दर माणसामागे दर वर्षी एक ट्रक.

हा माल स्वस्त आणि जड असतो. त्यामुळे खाणीपासून जितकं लांब जावं तितकी त्याची किंमत वाहतुकीनंच वाढत जाते. सोनं हजारो मैलांवरून आणणं परवडतं, खडी परवडत नाही. म्हणून शहर वाढू लागलं की त्याच्या आसपासच्या खेड्यांत खाणी निघू लागतात. इमारती शहरात आणि खड्डे खेड्यात, अशी ही वाटणी जगभर दिसते. टोरांटो शहरापासून वायव्येला सुमारे १०० किलोमीटरवर असलेल्या मेलँक्थन या शेतकरी वस्तीच्या भागावर २०११ मध्ये अशीच वेळ आली. तिथल्या लोकांनी केलेल्या विरोधाची हकिगत आपण इथे पाहणार आहोत. त्या विरोधाच्या मुळाशी भूजलशास्त्राचा एक साधा प्रश्न होता, आणि तो वर्गात मांडता येण्यासारखा आहे.

ओंटारिओत खडी दोन प्रकारे मिळते. हिमयुगात बर्फाच्या प्रचंड थरांनी खडक घासून-फोडून जो माल आणून टाकला, त्यातली गोल गोटे-वाळू नुसती उकरून काढता येते. अशा खाणी बहुधा उथळ असतात आणि पुष्कळदा भूजलाच्या पातळीच्या वरच थांबतात. दुसरा प्रकार म्हणजे सुरुंग लावून खडक फोडायचा आणि तो क्रशरमध्ये दळायचा. मेलँक्थनखाली डोलोस्टोन नावाचा चुनखडकाच्या जातीचा खडक आहे. त्याचं वय चाळीस कोटी वर्षांहून जास्त. त्याला भेगा असतात, पाण्यात तो हळूहळू विरघळतो आणि त्या भेगा रुंदावतात. त्यामुळे हा खडक म्हणजे पाण्याची मोठी कोठीच असते. ग्रँड आणि नोटावासागा या नद्यांच्या उगमाकडचा प्रदेश तो हाच.

खडकावर जी माती आहे तिला हनीवूड गाळपोयटा म्हणतात. बारीक कणांची, दगडगोटे फारसे नसलेली आणि पाण्याचा चांगला निचरा होणारी ही माती बटाट्याला फार मानवते. कॅनडात जमिनीची सात वर्गांत प्रतवारी केली आहे. पहिल्या वर्गाची जमीन त्या अवाढव्य देशाच्या जेमतेम अर्धा टक्का भरते. मेलँक्थनची बरीचशी जमीन या पहिल्या वर्गात मोडते.

हायलँड कंपनीज नावाच्या एका उद्योगानं २००६ च्या सुमारास इथे शेतजमिनी विकत घ्यायला सुरुवात केली. बोस्टन शहरातल्या बाउपोस्ट या गुंतवणूक संस्थेचं तिला पाठबळ होतं. बटाट्याची मोठी शेती करायची आहे, असं शेतकऱ्यांना सांगण्यात आलं, आणि कंपनीनं शेती केलीही. पण मार्च २०११ मध्ये तिनं तीन हजारांहून अधिक पानांचा अर्ज सरकारकडे दिला. त्यात २,३१६ एकर, म्हणजे सुमारे ९३७ हेक्टर जागेवर खडीची खाण मागितली होती. खाण भूजलाच्या पातळीखाली सुमारे ६० मीटर जाणार होती. खाली गेल्यावर पाणी येणारच. तळ कोरडा ठेवण्यासाठी रोज ६० कोटी लिटर पाणी हाताळावं लागेल, असा आकडा अर्जातच होता.

साठ कोटी लिटर म्हणजे किती? आपल्याकडे ग्रामीण नळयोजनांसाठी माणशी रोज ५५ लिटर धरतात. त्या हिशेबानं हे सुमारे एक कोटी नऊ लाख माणसांचं पाणी झालं. पण त्याहून उद्बोधक हिशेब वेगळा आहे, आणि तो विद्यार्थ्यांकडून करून घ्यावा. साठ कोटी लिटर म्हणजे सहा लाख घनमीटर. ते ९३७ हेक्टरांवर पसरलं तर सुमारे साडेसहा सेंटिमीटर उंचीचा थर होतो. रोज एवढा, म्हणजे वर्षाला तेवीस-चोवीस मीटर! त्या भागात पाऊस आणि बर्फ मिळून वर्षभरात सुमारे एक मीटर पाणी पडतं. खाणीच्या जागेवर पडणाऱ्या पाण्यातून हा उपसा भागणार नाही, हे उघड आहे. मग बाकीचं पाणी येणार कुठून? दोनच वाटा उरतात. एक तर ते आजूबाजूच्या जमिनीखालून ओढलं जाणार, नाही तर तेच तेच पाणी पुन्हा पुन्हा फिरत राहणार.

पहिली वाट समजण्यासाठी एक प्रयोग करता येतो. काचेच्या चौकोनी भांड्यात (मासे ठेवायची पेटी उत्तम) मध्यम जाडीची धुतलेली वाळू भरा. पारदर्शक बॉलपेनच्या चार-पाच पोकळ नळ्या घ्या. त्यांच्या खालच्या टोकाला फडक्याचा तुकडा बांधा आणि त्या काचेला टेकवून ओळीनं वाळूत उभ्या करा. या आपल्या विहिरी. शाई घातलेलं पाणी वाळूच्या निम्म्याहून थोडं वर येईल इतकं ओता. सगळ्या नळ्यांत पातळी सारखी दिसेल. आता एका टोकाला वाळूत खड्डा करून इंजेक्शनच्या पिचकारीनं त्यातलं पाणी भरभर काढत राहा. खड्ड्याजवळच्या नळीतली पातळी आधी आणि जास्त उतरते, लांबच्या नळीतली नंतर आणि कमी. नळ्यांतल्या पाण्याच्या पातळ्या जोडणारी रेघ काचेवर खडूनं काढली तर ती खड्ड्याकडे झुकलेली दिसेल. प्रत्यक्षात हा उतार चारी बाजूंनी असतो, म्हणून त्याला उपशाचा शंकू म्हणतात. उपसा जितका खोल आणि जितका दीर्घकाळ, तितका शंकू रुंद. शंकूत सापडलेल्या शेजाऱ्याच्या विहिरीला खाणीची हद्द ठाऊक नसते.

साठ कोटी लिटर हा आकडा ऐकला की एवढं पाणी रोज नाहीसं होणार असं वाटतं. तसं नव्हतं. कंपनीचं म्हणणं असं, की उपसलेलं पाणी खाणीभोवती विहिरींच्या मालिकेतून पुन्हा जमिनीत सोडलं जाईल, त्यामुळे बाहेरची पातळी उतरणार नाही. ही दुसरी वाट. तत्त्व म्हणून ती चुकीची नाही. भांड्यातल्या प्रयोगात खड्डा आणि पहिली नळी यांच्या मधे पाणी सोडत राहिलं तर पलीकडच्या नळ्यांची पातळी टिकते, हे करून पाहता येतं. मात्र सोडलेल्या पाण्याचा बराच भाग पुन्हा खड्ड्याकडेच धावतो आणि पुन्हा उपसावा लागतो. उपशाचा आकडा एवढा मोठा असण्यामागे हे एक कारण आहे. शिवाय वाळू सगळीकडे सारखी असते, भेगाळलेला डोलोस्टोन तसा नसतो. कुठली भेग कुठे उघडते हे आधी नेमकं सांगणं कठीण. रुंद भेगांतून पाणी वेगानं जातं आणि वाटेत गाळलंही जात नाही.

खरी अडचण मात्र 'किती' यापेक्षा 'किती दिवस' ही होती. दगड काढून झाल्यावर खाणीच्या तळाशी माती पसरून पुन्हा शेती करू, असं आश्वासन होतं. पण तो तळ तर भूजलाच्या कितीतरी खाली! पंप बंद पडले की शेताचं तळं होणार. म्हणजे शेत राखायचं तर उपसा चालूच ठेवला पाहिजे, दगड संपल्यावरही, कंपनी असो वा नसो. पंपाचं बिल कुणी भरायचं, हा प्रश्न त्यामुळे पुढच्या सगळ्या पिढ्यांचा झाला. कोणत्याही हिशेबात 'कायमचं' हा शब्द आला की आपण थांबून विचारलं पाहिजे, असं आम्हाला वाटतं.

योजनेची कुणकुण लागताच स्थानिक शेतकऱ्यांनी २००९ मध्येच कृती समिती स्थापली होती. अर्ज दाखल झाल्यावर लोकांना हरकती देण्यासाठी कायद्यानं ४५ दिवस मिळत होते. तीन हजार पानं आणि पंचेचाळीस दिवस! ओरड झाल्यावर मुदत वाढवण्यात आली. त्याहून विलक्षण गोष्ट म्हणजे, ओंटारिओत खासगी खाणीला पर्यावरणीय परीक्षणाची सक्ती नव्हती. शेतकऱ्यांनी मागणी नेमकी इथे केंद्रित केली. 'खाण नको' या भावनेपेक्षा 'आधी पूर्ण तपासणी करा' हे म्हणणं नाकारणं सरकारला अवघड होतं. १ सप्टेंबर २०११ रोजी सरकारनं परीक्षणाचा आदेश दिला. प्रांताची निवडणूक तेव्हा महिन्याभरावर आली होती, हेही लक्षात ठेवायला हवं. तरीही त्या प्रांतात खडीच्या खाणीबाबत असा आदेश प्रथमच निघाला.

एवढ्यानं भागलं नसतं, कारण मेलँक्थनची वस्ती फार थोडी. शहराला यात ओढणं भाग होतं, आणि ते बटाट्यानं केलं. टोरांटोच्या नावाजलेल्या स्वयंपाक्यांना आपला माल कुठल्या जमिनीतून येतो हे ठाऊक होतं. मायकेल श्टाटलेंडर या शेफच्या पुढाकारानं १६ ऑक्टोबर २०११ रोजी तिथल्याच शेतात मोठा अन्नमेळा भरला. सुमारे २८,००० माणसं आल्याचं तेव्हा सांगितलं गेलं. पुढच्या ऑक्टोबरात खुद्द टोरांटोतल्या बागेत सूपाचा मेळा भरला, तिथे याहूनही मोठी गर्दी झाली. २१ नोव्हेंबर २०१२ रोजी कंपनीनं अर्ज मागे घेतला. पुढे जाण्याइतका लोकांचा आणि सरकारचा पाठिंबा नाही, हे तिनं दिलेलं कारण. २०१३ मध्ये तिची शेतजमीन दुसऱ्या एका गुंतवणूक संस्थेनं घेतली.

खडीची गरज यामुळे तसूभरही कमी झाली नाही. मेलँक्थनला न निघालेली खडी दुसरीकडून आली असणार, आणि तिथेही कुणाची तरी विहीर असेल. जुनं काँक्रीट फोडून पुन्हा वापरणं हा एक उपाय आहे, पण त्यानं मागणीचा लहानसा भागच भागतो.

तपासणीतून सूट हा प्रश्न आपल्याकडेही त्याच वर्षी ऐरणीवर आला, हा योगायोग नोंदवण्यासारखा आहे. पाच हेक्टरांहून लहान खाणपट्ट्यांना केंद्राची पर्यावरण मंजुरी लागत नसे, आणि पट्टे त्याहून लहान पाडले की काम सोपं होई. हरियाणातल्या वाळू, खडी आणि गोट्यांच्या लिलावांवरून झालेल्या दीपक कुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २७ फेब्रुवारी २०१२ रोजी या लहान पट्ट्यांनाही मंजुरी आवश्यक ठरवली.

आपल्या काळ्या बसाल्टात पाण्याची साठवण डोलोस्टोनसारखी नसते. वरचा झिजलेला मुरुमाचा थर आणि खालच्या भेगा-सांधे यांतच ते असतं. त्यामुळे खाणीचा परिणाम एका विहिरीला जाणवतो आणि शेजारच्या दुसरीला नाही, असं होऊ शकतं. मग भांडण 'विहीर खाणीमुळे आटली' आणि 'पाऊसच कमी झाला' यांत अडकून पडतं, कारण खाणीपूर्वीची नोंद कुणाकडेच नसते. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा ठरावीक निरीक्षण-विहिरी मोजते, पण प्रत्येक गावातली प्रत्येक विहीर तिच्या यादीत असणं शक्य नाही. शाळेला हे काम सहज जमेल. गावातल्या पाच-सहा विहिरी निवडा. काठावर रंगानं एक कायमची खूण करा. दोरीला वजन बांधून खुणेपासून पाण्यापर्यंतचं अंतर मोजा, सकाळी पंप सुरू होण्याआधी, दर महिन्याच्या एकाच तारखेला. शेजारच्या रकान्यात त्या महिन्याचा पाऊस लिहा. मोजताना मुलांबरोबर मोठं माणूस असावं आणि विनाकठड्याच्या विहिरी टाळाव्यात. वही शाळेच्या कपाटात ठेवा, म्हणजे मुलं बदलली तरी नोंद चालू राहील.