विम्याची छत्री

नारायणगांव हें पुणे-नाशिक मार्गावरील गजबजलेलें बाजाराचें गांव. टोमॅटोच्या हंगामांत आसपासच्या खेड्यांतून माल आणणाऱ्या वाहनांची तेथें रीघ लागते. समजा, अशा गर्दींत एका बागायतदाराच्या मोटारीखालीं सांपडून अठ्ठावीस वर्षांचा भाजीविक्रेता मृत्यु पावला, आणि चूक मोटार चालविणाऱ्याची ठरली. या चुकीचें मोल किती?

तें ठरविण्याची रीत सर्वोच्च न्यायालयानें २००९ व २०१७ सालच्या निर्णयांत घालून दिली आहे. मृताची मिळकत दरमहा २०,००० रुपये धरल्यास वर्षाची २,४०,००० होते. भावी वाढीचे चाळीस टक्के मिळविले कीं ती ३,३६,००० होते. त्याच्यावर चार माणसें अवलंबून असल्यास त्याच्या स्वतःच्या खर्चाबद्दल चौथा हिस्सा वजा जातो व २,५२,००० उरतात. या वयास गुणक १७ आहे. म्हणजे भरपाई ४२,८४,००० रुपये. अंत्यविधि इत्यादींच्या रकमा निराळ्या.

एवढी रक्कम सामान्य कुटुंबानें कोठून आणावी? याच प्रश्नाचें उत्तर म्हणजे दायित्व विमा. इतर विमा आपल्या मालमत्तेचें नुकसान भरून देतो. हा विमा आपल्या हातून दुसऱ्याचें झालेलें नुकसान भरून देतो. मोटारीपुरती त्याची सक्ती १९३९ च्या कायद्यानें आणली. सध्यां १९८८ चा कायदा लागू आहे. मृत्यु वा इजा झाल्यास या विम्यास रकमेची मर्यादा नसते. दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीस मात्र खाजगी मोटारीच्या विम्यांत सामान्यतः साडेसात लाखांची मर्यादा असते. विम्याची मुदत संपलेली असेल, तर सारा बोजा मालकावर येऊन घर, ठेवी व जमीन यांवर जप्तीची पाळी येऊं शकते.

अमेरिकेंत स्थिति निराळी आहे. तेथें मोटारीच्या विम्यास इजेबद्दलही मर्यादा असते. कॅलिफोर्नियांत १ जानेवारी २०२५ पासून माणशी किमान मर्यादा अवघी ३०,००० डॉलर आहे. म्हणून तेथें गेलेल्या मराठी कुटुंबांच्या कानांवर ‘छत्री विमा’ हा शब्द लौकरच पडतो. मोटारीचा विमा अडीच लाख डॉलरांचा, छत्री दहा लाखांची व निवाडा नऊ लाखांचा असल्यास पहिले अडीच लाख मोटारीचा विमा देतो व उरलेले साडेसहा लाख छत्री देते. परंतु खालचा विमा बंद पडलेला असेल, तर ते अडीच लाख विमेदारानेंच भरावयाचे. जाणूनबुजून केलेली इजा व स्वतःच्या मालाची हानि या छत्रीखालीं येत नाहींत.

आपल्याकडे वैयक्तिक छत्री विम्याचा प्रघात फारसा नाहीं. पण दायित्व मोटारीपुरतेंच नसतें. सज्जांतील कुंडी वाटसरूच्या डोक्यावर पडते, पाळलेला कुत्रा चावतो, कठडा नसलेल्या विहिरींत शेजाऱ्याचें मूल पडतें. घराच्या एकत्रित विमापत्रांत अशा प्रसंगांसाठीं सार्वजनिक दायित्वाचा भाग घेतां येतो. तो आहे कीं नाहीं व त्याची मर्यादा किती, हें गृहस्थानें वाचून पाहावें. मोटारीच्या विम्याची अखेरची तारीख ध्यानांत ठेवावी आणि परवाना नसलेल्या मुलाच्या हातीं वाहन देऊं नये, कारण मग विमा कंपनीस जबाबदारी नाकारण्यास आधार मिळतो. आणि विहिरीस कठडा तर आधीं बांधावा. गेलेलें मूल कोणताही विमा परत देत नाहीं.