मोटारसायकलच्या कवचाला तडा गेला तर?

मैत्रिणींनो, लांबच्या प्रवासाची मोटारसायकल उभ्या उभ्या कलंडली, की पुढच्या प्लास्टिकच्या कवचाला, म्हणजे फेअरिंगला, तडा गेलाच म्हणून समजा! मग यजमान झटपट चिकटणाऱ्या गोंदाची ट्यूब घेऊन बसतात. थांबवा त्यांना. तो जोड ठिसूळ असतो, गाडीच्या थरथरीने पुन्हा सुटतो.

आधी कवच काढून आतून पाहा. बहुधा तिथे बारीक इंग्रजी अक्षरं असतात. ‘एबीएस’ असेल, तर काम आपल्या हातचं. तड्याच्या टोकाशी ३ मिलिमीटरचं भोक पाडा, म्हणजे तडा पुढे सरकत नाही. त्याच जातीच्या प्लास्टिकचे कपटे काचेच्या बाटलीत ॲसिटोनमध्ये रात्रभर ठेवा. भज्यांच्या पिठाइतकं दाट झालं, की आतली बाजू पॉलिशपेपरने घासून त्यावर थापा आणि दिवसभर वाळू द्या. ‘पीपी’ असेल, तर मात्र हे चालायचं नाही. प्लास्टिक वेल्डिंगवाल्याकडेच द्या.

ॲसिटोन पेट्रोलसारखंच भडकतं हो! बाटली गॅसपाशी नको, समईपाशी नको. सरळ गच्चीत बसा. पुढच्या पारदर्शक काचेला त्याचा थेंबही लागू देऊ नका. ती काच नसतेच, प्लास्टिक असतं. ती धुरकट झाली, की रात्री समोरच्या दिव्यांत रस्ता दिसत नाही. तिला साबणाचं पाणी आणि जुन्या पंचाचं ओलं फडकं पुरे.