पाणी आलं, पण कसं आलं?

खानदेशात उन्हाळ्यात दोन माणसं भेटली, की तब्येतीच्या चौकशीआधी एक प्रश्न येतो, ‘पानी उनं का?’ अहिराणीत विचारा की मराठीत, प्रश्न तोच. उत्तर ‘आलं’ असेल, तर विषय संपतो. ते कसं आलं, हे कोणी विचारत नाही. तीस वर्षं कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवूनही मीसुद्धा विचारत नव्हतो.

तो प्रश्न मला घरातल्या एका दुखण्यानं शिकवला. माझी थोरली बहीण खानदेशातल्याच एका तालुक्याच्या गावी राहते. गावाचं नाव महत्त्वाचं नाही. तिथं जे झालं ते आपल्याकडे कुठंही होऊ शकतं. भाची पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. सातव्या महिन्यात तिचे डोळे पिवळे झाले, अन्नावरची वासना गेली. तपासणीत ‘हिपॅटायटिस ई’ निघाला. ही कावीळ दूषित पाण्यातून येते. इतरांना ती बहुधा काही आठवड्यांत सोडून जाते, पण गर्भारपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत ती जीवघेणी ठरू शकते. डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न केला, “पाणी कुठलं पिता?” ताई म्हणाली, “नळाचंच. पण दुहेरी फडक्यानं गाळून.”

भाचीचे बारा दिवस दवाखान्यात गेले. त्या दिवसांत मी पाण्याविषयी जे वाचलं, पाहिलं आणि तपासलं, ते इथं मांडतो आहे.

धरणापासून टाकीपर्यंत

खानदेशाचा पाण्याचा इतिहास हा पाणी आणण्याचा इतिहास आहे. पांझरेच्या खोऱ्यात बंधारे घालून सामाईक फडांना पाणी देणारी पद्धत शेकडो वर्षांची आहे. १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात रुजू झालेले तरुण अभियंते मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या नोकरीच्या आरंभीच्या काळात धुळ्याकडे होते. पांझरेच्या खोऱ्यात दातर्तीला त्यांनी केलेलं वक्रनलिकेचं काम आजही सांगितलं जातं. पुढं धुळ्याची तहान वाढत गेली. नकाणे आणि डेडरगाव हे तलाव पुरेनात, म्हणून तापीचं पाणी लांबवरून आणलं गेलं आणि आता पांझरेवरच्या अक्कलपाडा धरणाचा आधार घेतला आहे. जळगावनं मेहरूणचा तलाव आणि गिरणा मागं टाकून वाघूर धरण गाठलं. ‘गिरणा टाकी’ हे नाव एका वस्तीला चिकटून राहिलं आहे, तेवढीच जुन्या पाण्याची आठवण.

धरणातलं पाणी जलशुद्धीकरण केंद्रात येतं, तेव्हा त्यावर चार क्रिया होतात. आधी ते हवेशी घुसळतात. मग तुरटी घालतात. तिच्यामुळं गढूळपणाचे बारीक कण एकमेकांना चिकटून जड होतात आणि तळाशी बसतात. निवळलेलं पाणी वाळूच्या थरांतून गाळतात आणि शेवटी क्लोरीन देतात. पावसाळ्यात पहिला पूर आला की गढूळपणा एकाएकी वाढतो. जिवाणू मातीच्या कणाआड लपले, तर क्लोरीन त्यांच्यापर्यंत पोचत नाही. म्हणून पाणी स्वच्छ दिसणं पुरेसं नसलं, तरी आवश्यक आहे.

क्लोरीनचं काम टाकीपाशी संपत नाही. त्यातला थोडा भाग पाण्यात शिल्लक राहून नळापर्यंत सोबत यावा लागतो. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक, आयएस १०५०० (२०१२), म्हणतं, की ग्राहकाच्या नळाशी लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन असावा आणि विषाणूंपासून संरक्षण हवं असेल तेव्हा तो ०.५ असावा. हा शिल्लक क्लोरीन म्हणजे वाटेतला राखणदार. नळाशी तो सापडला नाही, तर वाटेत काहीतरी घडलं आहे असं समजावं.

दोन पाळ्यांमधली रिकामी नळी

वाटेत काय घडतं? आपल्याकडे पाणी चोवीस तास येत नाही. जळगावात ते एक-दोन दिवसांआड येतं. धुळ्यात उन्हाळ्यात आठवडा-आठवडा वाट पाहिलेली माणसं आहेत. ही गैरसोय आहे, एवढंच आपण समजतो. प्रत्यक्षात पाण्याची गुणवत्ता बिघडण्याचं मोठं कारण हेच आहे.

नळीत पाणी दाबानं वाहत असतं, तेव्हा छिद्रातून ते बाहेर पडतं. बाहेरची घाण आत येऊ शकत नाही. व्हॉल्व्हमन व्हॉल्व्ह बंद करतो, तेव्हा उतारावरचं पाणी खाली निघून जातं आणि नळीत पोकळी होते. आता त्याच छिद्रातून उलटा प्रवास सुरू होतो. भोवतालची ओल, गटाराचं झिरपणारं पाणी आत ओढलं जातं. आपल्या गल्ल्यांमध्ये घरगुती जोडणीची लोखंडी नळी बहुधा गटार ओलांडूनच घरात येते आणि ती गंजते ती नेमकी तिथंच. पुढच्या पाळीला पाणी सुटतं, तेव्हा साचलेली सगळी घाण पहिल्या लोंढ्यासोबत नळाशी येते.

हुबळी-धारवाडमध्ये शहराच्या काही भागाला अखंड आणि उरलेल्या भागाला खंडित पुरवठा होता. संशोधकांनी दोन्हीकडचे नमुने तपासले. स्रोत सारखे, शुद्धीकरण सारखं. तरी विष्ठेतून येणारे जिवाणू खंडित पुरवठ्याच्या नळांत कितीतरी अधिक वेळा सापडले. पाळीच्या सुरुवातीचं पाणी आणि दाब कमी असतानाचं पाणी विशेष वाईट होतं.

शुद्धीकरण केंद्रालाच घाणीनं गाठलं तर काय होतं, याचा धडा दिल्लीनं दिला. १९५५ च्या पुरानंतर यमुनेचा प्रवाह सरकला आणि नाल्याचं सांडपाणी वझीराबाद केंद्राच्या उपशापर्यंत पोचलं. क्लोरीन वाढवल्यामुळं विषमज्वरासारखे जिवाणूजन्य रोग आटोक्यात राहिले, पण विषाणू निसटला. सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. पुढं कळलं, की तो हिपॅटायटिस ई होता. महाराष्ट्रात २०१२ साली इचलकरंजीनं काविळीची मोठी साथ पाहिली.

या काविळीचा एक कावा लक्षात ठेवावा. विषाणू पोटात गेल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत सरासरी पाच-सहा आठवडे जातात. डोळे पिवळे होतात, तेव्हा ते पाणी केव्हाच वाहून गेलेलं असतं. त्या दिवशी घेतलेला नमुना चांगला निघतो आणि पाण्यावरचा आळ टळतो.

मोटार

ताईकडे नळाची धार करंगळीएवढी यायची. त्याआधीच्या भाऊबीजेला मी तिला ओवाळणी म्हणून अर्ध्या अश्वशक्तीची मोटार दिली आणि थेट नळाला जोडून दिली. गल्लीत सगळ्यांकडे होती, तिच्याकडेच नव्हती. पंधरा मिनिटांत टिपाड भरू लागलं. सगळे खूश.

मोटार पाणी ढकलत नाही, आधी ते ओढते. नळीतल्या पाण्यापेक्षा तिची ओढ जास्त झाली, की नळीतला दाब बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षा खाली जातो. म्हणजे पाणी चालू असतानाही नळी बाहेरचं शोषू लागते. भाची दवाखान्यात असताना प्लंबरला बोलावून जोडणी उकरली. गटाराखालच्या नळीला गंजून मसुरीएवढं भोक पडलं होतं. कावीळ तिथूनच आली, हे मी प्रयोगशाळेच्या खात्रीनं सांगू शकत नाही. पण दाबाचे नियम मी वर्गात फळ्यावर काढून शिकवले होते आणि भोकाच्या पुढच्या टोकाला मी दिलेली मोटार होती. नळीला भोक पडणं हा जुन्या व्यवस्थेचा दोष आहे. त्या भोकातून घाण ओढणारं यंत्र आपण घरोघरी बसवलं आहे. शिवाय आपली मोटार शेवटच्या घराचं पाणी तोडते, ते वेगळंच.

घरातला आठवडा

पाणी रोज येत नाही, म्हणून आपण साठवतो. उघड्या टिपाडात क्लोरीन हळूहळू उडून जातो. हात, तांब्या, लहान मुलांची भांडी त्यात बुडत राहतात. डेंग्यूचा एडिस डास स्वच्छ, साठलेल्या पाण्यातच अंडी घालतो आणि अंड्यापासून डास होईपर्यंत साधारण सात ते दहा दिवस पुरतात. पाण्याची पाळी आठ दिवसांची असेल, तर आपण डासाला त्याच्या गरजेएवढीच मुदत देतो. आठवड्यातून एक दिवस भांडी कोरडी करायला आरोग्य कर्मचारी सांगतात, ते यासाठी. पण पुढची पाळी केव्हा याची खात्री नसलेली बाई भरलेलं टिपाड ओतून देईल कशी?

मग काही जण बोअरकडे किंवा जारकडे वळतात. बोअरचं पाणी थंड आणि नितळ असतं, पण कापूस-केळीच्या पट्ट्यात खतांचा नायट्रेट जमिनीत झिरपतो. त्याची मर्यादा लिटरमागे ४५ मिलिग्रॅम आहे आणि त्याला ना रंग, ना वास. पाणी उकळल्यानं तो जात नाही. उलट पाणी आटून त्याचं प्रमाण वाढतं. मोठं प्रमाण तान्ह्या बाळाला घातक. तिथं आरओ उपयोगी पडतो. मात्र विक्रेता पेनासारखं यंत्र बुडवून जो ‘टीडीएस’चा आकडा दाखवतो, तो फक्त विरघळलेल्या क्षारांचा असतो. ५०० पर्यंतचं पाणी मानकानुसार चांगलं आणि दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत चालतं. त्या आकड्यात एकही जंतू दिसत नाही. गटार मिसळलेल्या पाण्याचा टीडीएसही शंभर-दीडशे असू शकतो. थोडक्यात, नळाच्या पाण्याचं भय जंतूंचं आणि बोअरच्या पाण्याचं बहुधा क्षारांचं. दोन्हींवर एक औषध नाही.

आपण काय करावं

नळाला थेट मोटार लावू नये. नळाचं पाणी आधी जमिनीलगतच्या झाकणाच्या टाकीत पडू द्यावं आणि मोटार त्या टाकीतून उचलायला लावावी. पाळीचं पहिलं पाणी पिण्यासाठी भरू नये. ते धुण्या-सांडण्याला ठेवावं. पिण्याचं भांडं झाकणाचं आणि तोटीचं असावं. निदान लांब दांड्याचं ओगराळं वापरावं. गाळण्यानं माती जाते, विषाणू जात नाही. घरात गर्भवती, तान्हं मूल किंवा आजारी माणूस असेल, तर खळखळून उकळलेलंच पाणी द्यावं. पावसाळ्यात तर नक्कीच.

आणि तपासावं. ग्रामपंचायतीचा पाणी कर्मचारी करतो ती ओटी चाचणी दोन मिनिटांची आहे. नळाच्या ताज्या पाण्यात ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकले, की क्लोरीन असेल तर पाणी पिवळं होतं. ते पाणी पिऊ नये, लगेच फेकून द्यावं. रंग आलाच नाही, तर त्या पाळीचं पाणी उकळूनच प्यावं आणि तक्रार लेखी करावी.

व्यवस्थेकडे मागायचं ते एवढंच, की क्लोरीन टाकीपाशी मोजण्यासोबत गल्लीतल्या शेवटच्या घरी मोजा आणि आकडा फलकावर लावा. गटाराखालच्या घरगुती जोडण्या बदलल्याशिवाय नव्या धरणाचं पाणीही जुन्याच भोकातून जाणार आहे. अखंड पुरवठा हे श्रीमंत शहराचं लाड नाहीत. कराडजवळच्या मलकापूरसारख्या लहान गावानं तो मीटर लावून करून दाखवला आहे. नळीत सतत दाब असणं हीच सगळ्यात स्वस्त गाळणी आहे.

भाची वाचली. मुलगी अपुऱ्या दिवसांची झाली, पण आता अंगणवाडीत जाते. ताईची मोटार आता टाकीवर आहे. मागच्या भाऊबीजेला मी तिला तोटीची टाकी आणि ओटी चाचणीची बाटली दिली. पाळीच्या दिवशी मी फोन करतो, तेव्हा ती मी विचारायच्या आत सांगते, “भाऊ, पानी उनं. पिवळं उनं.”