सैल सांध्यांवरचा संशय

सोलापूर हा खो-खोचा जिल्हा. इथे भवानी पेठेतल्या खेळणाऱ्या पोरापोरींना ‘लिगामेंट गेलं’ म्हणजे काय, ते फोड करून सांगावं लागत नाही. पळणारा गडी हुलकावणी द्यायला पाय रोवतो, वळतो, गुडघा आत कलतो आणि ‘कट्’ आवाज येतो. कुणाचा धक्काही लागलेला नसतो. मग संशय येतो तो सांध्यांवर: मुळातच सैल असतील! या संशयाची तपासणी पन्नासहून अधिक वर्षं चालू आहे.

१९७० साली न्यूयॉर्कचे डॉ. जेम्स निकोलस यांनी १३९ व्यावसायिक अमेरिकन फुटबॉलपटू तपासले आणि सैल सांधेवाल्यांची लिगामेंट (हाडं जोडणारे बंध) जास्त तुटतात, असा निष्कर्ष काढला. पाचच वर्षांत इतरांनी पडताळा घेतला, तर तसा संबंध दिसेना. मधल्या काळात, १९७३ मध्ये, संशोधक बेइटन आणि सहकाऱ्यांनी सैलपणा मोजण्याची नऊ गुणांची पद्धत मांडली. करंगळी मागे काटकोनात जाते का, अंगठा वाकवून कोपराखालच्या हाताला टेकतो का, कोपर आणि गुडघा उलटे वाकतात का, हे दोन्ही बाजूंना पाहायचं. शेवटी गुडघे ताठ ठेवून, वाकून हातांचे तळवे जमिनीला टेकवायचे. दोन मिनिटांचं काम.

२००३ मध्ये अमेरिकेतल्या वेस्ट पॉइंट लष्करी अकादमीचा अभ्यास आला. ८५९ छात्रांवर चार वर्षं लक्ष ठेवलं होतं. कुणाचा धक्का न लागता २४ जणांचं एसीएल, म्हणजे गुडघ्यातलं एक मुख्य लिगामेंट, तुटलं. सैल सांधे कारणांत निघाले, पण एकटे नव्हेत. मांडीच्या हाडातली अरुंद खाचही होती. २००५ मध्ये संशोधक ह्युएट यांच्या गटाने २०५ खेळाडू मुली उडी मारायला लावून तपासल्या. पुढे ज्या नऊ जणींचं लिगामेंट गेलं, त्यांचे गुडघे उडीनंतर जास्त आत कलत होते. पण २०१६ मध्ये नॉर्वेतल्या मोठ्या अभ्यासात अशाच उडीच्या चाचणीवरून कोण जायबंदी होणार, ते ओळखता आलं नाही.

भाकीत फसलं, तरी दुखापत टाळण्याचा सराव फुकट गेला नाही. नॉर्वेतच २००८ मध्ये वीस मिनिटांच्या खास वॉर्म-अपने फुटबॉल खेळणाऱ्या मुलींच्या एकूण दुखापती घटल्या होत्या. सांध्यांचा सैलपणा बहुधा जन्माचा. उडीनंतर गुडघा पावलाच्या रेषेत ठेवून उतरणं मात्र शिकवता येतं. तेव्हा करंगळी मागे वाकते म्हणून एखादीला संघाबाहेर बसवू नये. उतरण्याचा सराव सरांनी सगळ्यांकडूनच करून घ्यावा.