वजनाचं गणित – भाग ६ : वेळ टळली, भूक मेली

गेल्या पाच भागांत जास्त खाण्याबद्दल बोललो. आज पोटाला कमी पडण्याबद्दल. नागपुरात मानेवाड्याला राहणारी माझी मामेबहीण गेल्या मे महिन्यात भेटली. तीन महिन्यांत अकरा किलो उतरवले होते. सगळे कौतुक करत होते आणि ती मात्र जिना चढून आली की भिंतीला टेकून उभी राहायची. केस ओंजळीने गळत होते. मी म्हटलं, नीट जेव. ती म्हणाली, "दादा, मला भूकच नाही लागून राहिली, मग जेवू कशी?"

तीन दिवस वहीत सगळं लिहून ठेवायला सांगितलं. सकाळी बिनसाखरेचा चहा. दुपारी दोन फुलके, दुधीची भाजी आणि ताटभर काकडी-टोमॅटो. रात्री वाटीभर पातळ वरण आणि पुन्हा काकडी. बेरीज साडेपाचशे कॅलरीच्या आसपास. चौथ्या दिवशी चतुर्थी, म्हणजे उपासच होता.

आपल्याकडे म्हणतात, वेळ टळली की भूक मरते. आयाबायांचं हे निरीक्षण शास्त्रालाही पटतं. जठरातून स्रवणारं घ्रेलिन नावाचं संप्रेरक रोजच्या जेवणाच्या वेळेला वाढतं आणि जेवलो नाही तरी थोड्या वेळाने आपोआप उतरतं. भूक लाटेसारखी येते आणि ओसरते. ओसरली याचा अर्थ गरज भागली असा नाही. त्यात नागपूरचा उन्हाळा. पारा ४५च्या पुढे गेला की भाकरी समोर आली तरी हात जात नाही, नुसतं पाणी आणि ताक प्यावंसं वाटतं. वर पोट भरलं ते काकडीने. शंभर ग्रॅम काकडीत जेमतेम १५ कॅलरी असतात आणि तेवढ्याच शेंगदाण्यांत साडेपाचशेच्या वर. जठराला आकारमान कळतं, बेरीज कळत नाही. म्हणून ताटभर खाऊनही माणूस उपाशी राहू शकतो.

ही बहीण "दोन वेळा जेवणं" पाळत होती. त्या पद्धतीचा उगम आपल्याच भागातला, म्हणून त्याबद्दल थोडं सविस्तर लिहितो. नागपूरचे डॉ. श्रीकांत जिचकार यांनी आपल्या व्याख्यानांतून ती मांडली. २००४ साली अपघातात ते गेले. पुढे डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी ती महाराष्ट्रभर पोचवली आणि श्रेय जिचकारांनाच दिलं. खरी भूक ओळखायची, दिवसातून दोनदाच जेवायचं, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांच्या आत संपवायचं आणि ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालायचं. यावर आहारतज्ज्ञांचे आक्षेप आहेत आणि ते वाचण्यासारखे आहेत. पण मला सांगायचं आहे ते वेगळं. त्या पद्धतीत कमी जेवा असं सांगितलेलंच नाही. ताटात सुकामेवा आहे, कोशिंबीर आहे, मोड आलेली कडधान्यं आहेत आणि त्यानंतर रोजचं पोटभर जेवण आहे. आपल्या घरांत लोकांनी "दोन" हा आकडा उचलला आणि ताट मात्र अर्धं केलं. बायकांच्या बाबतीत हे फार होतं, कारण त्या आधीच सगळ्यांच्या मागून जेवतात, उरलेलं जेवतात आणि आठवड्यातून एखादा उपास धरतात.

इतकं कमी खाल्लं की शरीर काय करतं, हे १९४४-४५ साली अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अॅन्सेल कीज यांनी नोंदवलं. युद्धानंतर उपासमारीने खंगलेल्या लोकांना पुन्हा कसं भरवायचं, हे त्यांना शोधायचं होतं. ३६ निरोगी तरुण स्वखुशीने पुढे आले. रोजच्या ३२०० कॅलरींवरून त्यांना साधारण १५७० वर आणलं आणि तिथेच २४ आठवडे ठेवलं. वजन जवळजवळ पावभाग घटलं. नाडी मंदावली, उन्हाळ्यातही थंडी वाजू लागली, चिडचिड वाढली आणि डोक्यात अन्नाशिवाय दुसरा विचार राहिला नाही. त्यांतले काही जण तर पाककृतींची पुस्तकं जमवू लागले. प्रयोग संपल्यावर कित्येक महिने त्यांचं पोट भरेना. त्यांना भूक लागत होती, माझ्या बहिणीला लागत नव्हती. शरीराने काटकसर मात्र दोघांच्या बाबतीत सारखीच केली. आणि १५७० हा आकडा पुन्हा वाचा. तिचा आकडा त्याच्या जवळजवळ तिसरा हिस्सा होता.

या काटकसरीत फक्त चरबी जात नाही, स्नायूही जातात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने ५५ किलोच्या, बैठं काम करणाऱ्या बाईची रोजची गरज १६६० कॅलरी आणि ४६ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं अशी धरली आहे. वजन जास्त असलेल्या बाईची कॅलरींची गरज त्याहून थोडी अधिकच. वजन कमी करतानाही आहार हजार कॅलरीच्या खाली नेऊ नये आणि आठवड्याला अर्धा किलोच्या वेगाने उतरावं, असंही हीच संस्था सांगते. झपाट्याने वजन उतरवलं तर पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो, पाळी चुकते, दोन-तीन महिन्यांनी केस गळू लागतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय आढळला होता. अशा शरीराकडून आणखी काय कापून घेणार?

२०२५ मध्ये मौंजारो आणि वेगोव्ही ही वजन उतरवणारी इंजेक्शनं भारतात आली. ती भूकच कमी करतात, म्हणून ती घेणाऱ्यांनी तर जेवणाकडे घड्याळ लावून बघायला हवं.

उपाय घरातच आहेत. बहिणीने जेवणाचा क्रम बदलला. आधी घट्ट वरण किंवा उसळ आणि दही, मग भाकरी, काकडी शेवटी. ज्वारीच्या भाकरीवर जवसाची चटणी आणि त्यात चमचाभर कच्चं तेल. ताट तेवढंच, भर मात्र कितीतरी अधिक. मुख्य जेवण सकाळी नऊच्या आत, ऊन तापायच्या आधी. दुपारी घशाखाली घास उतरत नाही तेव्हा दुधात किंवा ताकात कालवलेलं सातूचं पीठ. गहू आणि डाळं भाजून केलेलं हे पीठ आपल्या आज्यांनी उन्हाळ्यासाठीच ठेवलेलं आहे. संध्याकाळी मूठभर शेंगदाणे. हळूहळू ती तेराशे-चौदाशेवर आली. वजन आता सावकाश उतरतं, पण जिना चढताना ती थांबत नाही.

दोन गोष्टी नीट ध्यानात घ्या. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल, तर जेवणाच्या वेळा डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलू नका. आणि काहीही न करता भूक गेली किंवा वजन आपसूक उतरू लागलं, तर आनंद मानू नका. क्षयरोग, थायरॉइड, मधुमेह, कर्करोग यांची सुरुवात अशी होऊ शकते. लगेच तपासून घ्या.

या आठवड्यात तीन दिवस वहीत लिहा. चहातलं दूध आणि फोडणीतलं तेलसुद्धा. बेरीज हजाराच्या आत आली, तर सोमवारपासून ताटात एक भाकरी आणि एक वाटी घट्ट वरण वाढवा.