तरवा पिवळा का पडतो?

कोकणात वायंगणी भाताचा तरवा थंडीत पिवळा पडला, की आम्ही लगेच युरिया फेकतो. पण गारठलेली मुळं तो नीट घेतच नाहीत!

पारा १५ अंशांखाली गेला, की पेशीचं पातळ आवरण थिजलेल्या खोबरेल तेलासारखं घट्ट होतं. नवं हरितद्रव्यही कमी बनतं. गंमत म्हणजे बरंच नुकसान सकाळी होतं: ऊन पडतं, पण थंड पानाला ते वापरता येत नाही आणि उरलेली ऊर्जा पेशींनाच पोळते.

जपोनिका जाती गारठा जास्त सोसतात; त्यामागचं 'कोल्ड१' हे एक जनुक चिनी शास्त्रज्ञांनी २०१५ मध्ये दाखवलं. आपल्याकडच्या बहुतेक जाती मात्र इंडिका. तेव्हा संध्याकाळी वाफ्यात पाणी भरून ठेवा, ते हवेपेक्षा हळू थंड होतं. युरियाचं नंतर बघू.