अकराव्या ओळीतलं शून्य

२ चा १२७ वा घात वजा १. ही एकोणचाळीस अंकी संख्या मूळ आहे, हे एदुआर लुकास या फ्रेंच गणितज्ञाने १८७६ साली यंत्राशिवाय सिद्ध केलं. ते काम हाताखालून जाताना कसं लागतं हे कळावं म्हणून चौकटींची वही घेऊन मी तिची धाकटी बहीण सोडवायला बसलो: २ चा १३ वा घात वजा १, म्हणजे ८१९१.

रीत लुकासची, तिला आजचं रूप दिलं नंतरच्या लेहमर या गणितज्ञाने. ४ घ्यायचे, वर्ग करायचा, २ वजा करायचे, ८१९१ ने भागून उरलेली बाकी पुढच्या ओळीत न्यायची. १३ व्या घातासाठी अशा ११ ओळी. शेवटी शून्य उरलं तरच संख्या मूळ. (९० पर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून पाहणं इथे सोपं पडलं असतं, एकोणचाळीस अंकांपुढे मात्र ती वाट बंदच.)

१४ आणि १९४ तोंडी झाले. तिसऱ्या ओळीत ३७६३४. भागाकाराला इथे एक सुंदर पळवाट आहे. ८१९२ हे ८१९१ पेक्षा एकानेच मोठे, म्हणून ८१९२ चार वेळा काढायचे, उरलेल्या ४८६६ मध्ये ते ४ मिळवायचे: ४८७०. पुढची बाकी ३९५३. प्रत्येक वर्गाला नवाचा ताळा लावत, हातचे जपत खाली उतरलो आणि अकराव्या ओळीत उरले ७५८९.

तासभर चूक सापडेना. ३९५३ पुढच्या पानावर उतरवताना ३५९३ झाले होते. अंकांची बेरीज तीच, म्हणून नवाच्या ताळ्याला अदलाबदल कळलीच नाही. अकराच्या ताळ्याने लगेच पकडली. लुकासला याहून कितीतरी लांबलचक आकड्यांचे शंभरावर वर्ग करायचे होते. एकोणचाळीस अंकांचा एक वर्ग आपल्या शाळेच्या पद्धतीने मांडला तर एकेरी गुणाकारच १५२१ होतात, आणि त्यातला एक चुकला की पुढचं सगळं वाया. २०२४ मध्ये सापडलेल्या ४,१०,२४,३२० अंकी मूळ संख्येची पडताळणी संगणकांनी केली तीही याच रीतीने.

नवं पान घेतलं. ५९७०, १८५७, ३६, १२९४, ३४७०, १२८. शेवटचा वर्ग पाठच होता, १६३८४. त्यातून दोन गेले, १६३८२. ८१९१ ची बरोबर दुप्पट.